एकाच वैऱ्याचं औषध

मनकर्णा : ...आन् आई जात्यावर काय म्हणायची, इसरलास का भागवत? ‘वैऱ्याच्या बांधावरी बाई, नको लावू केळ; पाणी घातल्या हाताला, देई कडू फळ.’ अजून कानात हाय माझ्या.

भागवत : ताई, ओव्या नंतर. शेजारच्या तळ्याचा रंगनाथ फाटकात उभा आहे. त्याचे झिंगे मरायलेत. आज औषध पडलं नाही तर तळं गेलं.

मनकर्णा : जाऊ दे. गेल्या साली माझं गेलं, तवा झरी गावात कुणाच्या घशात घास अडला? ह्यानंच आपल्या आजारी तळ्यातलं जाळं उसनं दिलं मला. धुतलं बी न्हाई मेल्यानं.

भागवत : माहीत आहे मला.

मनकर्णा : समुद्राच्या झिंग्याचं बी आणून खाऱ्या बोअरवर वाढवलं रे. लोक हसायचे, ‘मनकर्णा परभणीत दर्या भरायलीय.’

भागवत : ही बाटली रत्नागिरीच्या लॅबमधून तुझ्यासाठीच आणली. पण तुझं तळं आज ठणठणीत आहे.

मनकर्णा : हाय काय तिच्यात?

भागवत : फेज. जिवाणूला मारणारा विषाणू. झिंग्याला रोग लावणाऱ्या जिवाणूत शिरतो, त्याला आतून फोडतो. बाकी कुणाला हात लावत नाही. एकच जात ओळखतो.

मनकर्णा : एकच वैरी धरून बसतो? मंग माझ्याच गोताचा म्हणायचा.

भागवत : वैरी संपला की तोही संपतो, ताई.

मनकर्णा : संपू दे. फत्ते करून तर जातो!

भागवत : रंगनाथ म्हणतो, वैनीच्या पाया पडतो.

मनकर्णा : तिथंच पड म्हणावं, फुफाट्यात.

भागवत : एका जाळ्यासाठी एवढं?

(तळ्यातलं पाणी घुसळणाऱ्या पंख्याचा आवाज.)

मनकर्णा : ने बाटली. पण ओतताना मी त्याच्या म्होरं उभी राहणार.

भागवत : ते कशाला?

मनकर्णा : जाळ्याचं न्हाई रे. कुणालाच सांगितलं न्हाई मी. गेल्या साली त्या रोगानं रातच्याला माझं तळं निळं निळं चमकायलं. मला वाटलं, लक्ष्मी आली. पदर घेऊन पाण्याला हळदकुंकू वाहिलं. रंगनाथ बांधावर होता. त्याचं तळं आधीच तसं चमकून गेलतं, त्याला समदं ठाव होतं. हात जोडून म्हणला, ‘नारळ बी फोडा, वैनी.’