तेलविहिरीवरची सवत

माहेर माझं कोल्हापूरचं, वडील उद्यमनगरात लेथवर, म्हणजे लोखंडाचा वास जन्मापासनं ठाऊक, नवराही मिळाला लोखंडातलाच, ह्यांनी आणलं मला इथं पेनसिल्व्हेनियात, पण काय सांगू तुम्हाला, इथं सवत मिळंल असं कुणी सांगितलं न्हवतं.

हसू नका. जुन्या काळी इथं विहिरींतनं तेल उपसायची इंजिनं हुती, आपल्याकडं उसाला पाणी उपसतात ना तसली, पण चाक माणसाहून उंच. भंगारातली ती इंजिनं म्युझियमवाल्यांनी गोळा केली आणि आमचे हे दर शनिवारी तिथं फुकट दुरुस्तीला. त्यातलं एकच धरलं, गंजून घट्ट बसलेलं, तीच माझी सवत. तिला रॉकेल पाजलं, माझ्या मऊ सुती साडीनं पुसलं, मला न विचारता! माझ्या कंबरेला कधी बाम चोळला न्हाई, आणि तिला बोटांनी ग्रीस. जळायची हो मी, खरंच जळायची. म्हटलं, मी आजारी पडले तर एवढं कराल का, तर म्हणतात, तुझे स्पेअर पार्ट कुठं मिळतात.

मग खंडेनवमी आली. यंत्रांची पूजा आम्ही इथंही चुकवत न्हाई. ह्यांनी माझा करंडा नेला, चाकाला कुंकू लावलं, मी लावलेला झेंडू सगळा तिच्या गळ्यात. आता सुरू करायचं. दोन बाजूंना दोन चाकं, दोघांनी आऱ्यांवर पाय देऊन एकदम दाबायचं, ही तिथली रीत. दुसऱ्या बाजूला नेहमी म्युझियमचा म्हातारा वॉल्टर, त्याची त्या दिवशी पाठ धरलेली. हे म्हणाले, चल गं, तू ये, घाल लाथ.

वर्षभर मनातल्या मनात जिला लाथा घातल्या ती समोर, माणसं जमलेली, आणि चाकाला कुंकू! पुजलेल्याला पाय लावायचा कसा? पूजा नंतर करायची हुती हे ह्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. वॉल्टर विचारतो, व्हॉट्स राँग, आणि हे कुंकवाकडं बघत डोकं खाजवतात. ह्यांचं तोंड बघवंना मला. मग वाकले, नमस्कार केला, म्हटलं बाई, राग मानू नकोस, आणि दिला पाय. धडधडली की लगेच! हे ओरडले, शाबास माझ्या राणी. मी पदर सावरून पुढं झाले, तर हे तिच्याकडं बघत हुते.

वॉल्टरची पाठ काही सुधारली न्हाई, म्हणून आता दर शनिवारी मीच जाते. आधी नमस्कार, मग लाथ, आणि लाथ जरा जास्तच जोरात बसते, ते ह्यांना अजून कळलं न्हाई. असू दे. ती चालली की हे खूश, आणि माझ्या पायाशिवाय ती चालत न्हाई. औक्ष मिळू दे तिला.