सलोमीबाईंची तबकडी

कोथिंबिरीची जुडी. जुने जँडल्स, म्हणजे रबरी चपला. चावीचा ग्रामोफोन. सातासमुद्रापारच्या अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात जुई जुन्या तबकड्या विकणाऱ्यापुढच्या रांगेत उभी होती, आणि पुढून चक्क मराठी ऐकू आलं. नव्वदीची आजी, तिची नात आणि फडक्यात गुंडाळलेली एक तबकडी.

"मार्थाआजी, हिला चीर गेलीय. तो म्हणतो, फार तर एकदाच वाजेल."

"मग एकदा वाजव. जपता जपता मीच संपायला आले."

"आणि फुटली तर?"

"फुटू दे गं. माझ्या आईनं येशूचं भजन गायलं, ओवीच्या चालीवर. इतकी वर्षं ट्रंकेत ऐकलं कुणी? झुरळांनी!"

सुई टेकली. खरखरीतून एक कोवळा आवाज वर आला. भजन संपलं आणि जुन्या रिवाजाप्रमाणे गाणारीनं शेवटी आपलं नाव सांगितलं, "मी सलोमीबाई, नगरवाली."

"ऑल गुड, आजी! मोबाइलवर घेतलं सगळं. पुन्हा लावू?"

"भजन नको. ते चर्चच्या मंडळीसाठी होतं. नुसतं बोललेलं लाव."

"तीनच शब्द आहेत गं."

"लाव."

"झालं?"

"पुन्हा लाव."

जुईची पाळी आली. तिनं मागच्याला पुढे जाऊ दिलं.

सलोमीबाई वारल्या तेव्हा मार्था तीन महिन्यांची होती.