आरशातली परकी बाई

साथीचे दिवस. रक्त तपासून घ्यायला आलेले मास्तर बाही सरसावून बसले होते. पडद्यामागे दोन नर्स बोलत होत्या.

"आत्मविश्वासाच्या शिबिरात काय शिकवलं गं?"

"रोज आरशासमोर उभं राहून म्हणायचं, मला सगळं जमतं."

"मग, म्हणालीस?"

"मास्क, टोपी, चष्मा. आरशात कोण उभी आहे तेच कळेना. परक्या बाईला कशाला सांगू?"

"आणि रडू आलं तर?"

"ड्यूटी संपल्यावर. आधी रडलं की चष्म्यावर वाफ धरते, शीर सापडत नाही."

"हात थरथरायचा थांबला?"

"नाही. पण प्रमाणपत्र मिळालं."

बाही हळूच खाली ओढत मास्तर मागच्याला म्हणाले, "तुम्हाला घाई दिसतेय, व्हा पुढे."

प्रमाणपत्रवालीने पडदा सारला. "काका, बाही वर घ्या. दोघांपैकी एकाचा तरी हात स्थिर हवा."