बँड गेला, आई आली

दातांच्या दवाखान्यात ताटकळत बसलेल्या मावशींचं त्या दिवशी मौन होतं; कान मात्र मोकळे होते. शेजारी दोघे अनोळखी बहीणभाऊ बोलत होते.

"ताई, आईच्या सिनेमाची नवी डिस्क घेतलीस आणि फसलीस बघ. तिच्या प्रसंगामागे वाजणारा मूळचा बँड काढून भलतीच बासरी घुसडलीय. पार वाट लावली!"

"लावू देत."

"लावू देत काय? तुला तो बँड तोंडपाठ होता!"

"अरे, त्याच्याच ढणढणाटात आईचं वाक्य बुडायचं. गर्दीत उभी राहून एकच तर वाक्य बोललीय ती! आपल्याला नुसते ओठ हलताना दिसायचे."

"मग?"

"आता ऐकू येतं. 'सावकास जा रे, पोरा.'"

"सावकाश, ताई! जन्मभर शिकवतोय तुला, श म्हण, श."

"मी नाही रे. तीच म्हणते, 'सावकास'."

तेवढ्यात नर्सने मावशींना आत बोलावलं. पुढच्याला जाऊ दे, अशी त्यांनी हातानेच खूण केली.

"मला तिचा आवाजच आठवत नाही गं."

"मला तरी कुठे आठवत होता? केवढेसे होतो आपण ती गेली तेव्हा. देव भलं करो त्या बासरीवाल्याचं!"

"ताई, परत म्हण ना. अगदी तिच्यासारखं."