निरोपाच्या वहीचे पान ११८

पोलीस ठाणे, नागपूर शहर. दिनांक २०/२/१९८४.

सौ. प्रमोदिनी रुपराव ढोके, वय ३४ वर्षे, धंदा टेलिफोन ऑपरेटर (दिनांक १७ रोजी कामावरून काढलेली), राहणार नंदनवन, नागपूर.

समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की, मी वरील पत्त्यावर पती व दोन मुलींसह राहते. रामदासपेठेतील डॉ. मार्तंड पाठराबे यांच्या प्रसूतिगृहात मी तीन वर्षे टेलिफोनवर होते. आलेला आणि दिलेला प्रत्येक निरोप वेळेसह वहीत लिहिणे हे माझे काम.

एका पाळीत चाळीस-पन्नास निरोप होतात. सगळे एकाच बॉलपेनने लिहिलेले, त्यामुळे मागचा निरोप शोधायला सिस्टरना वेळ लागे. म्हणून मी सीताबर्डीवरून रंगीत पेन्सिली आणल्या. वेळेखाली लाल रेघ, रुग्णाच्या नावाखाली निळी आणि फोनवरचा माणूस जे बोलला त्या शब्दांखाली हिरवी. आधी वेळेला पिवळी होती, ट्यूबलाइटखाली ती दिसेना म्हणून बदलली. डॉक्टरांच्या नावाखाली रेघ मारत नाही. निम्मे निरोप त्यांनाच असतात, ते शोधावे लागत नाहीत. हा नियम वहीच्या कव्हरच्या आत लिहिलेला आहे.

मॅनेजर श्री. कृष्णकांत बेहेरे वही पाहून "बाईंनी रांगोळी काढली" असे म्हणत. डॉक्टरसाहेबांनी एकदा पाहुण्यांना वही उघडून दाखवली व सगळे हसले. कव्हरच्या आतले मात्र दोघांपैकी कोणी वाचले नाही. दोघेही पदवीधर आहेत.

दिनांक १४ रोजी सकाळी ११ वाजता कांताबाई गोविंदा वासे, वय २३, हिला मुलगी झाली. डॉक्टरसाहेब १२ वाजता धरमपेठेतील घरी जेवायला गेले. स्कूटरने दहा मिनिटांचे अंतर आहे. दुसरे डॉक्टर त्या दिवशी रजेवर होते.

दुपारी २.१० वाजता सिस्टर सुमती यांनी सांगितले की, कांताबाईचे रक्त थांबत नाही, साहेबांना बोलवा. मी फोन केला. डॉक्टरांच्या पत्नी म्हणाल्या, "साहेब झोपलेत. उठले की सांगते." २.३५ ला पुन्हा केला. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे सिस्टर कशाला ठेवल्यात मग?" आणि फोन ठेवला.

कांताबाईचा नवरा गोविंदा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. तो म्हणाला, "बाई, डॉक्टर काहून नाही येऊन राहिले? तिचे हात थंडे पडून राहिले." मी म्हटले, "फोन करूनच राहिली भाऊ."

सुमती सिस्टरचे म्हणणे पडले की पेशंटला ताबडतोब सरकारी दवाखान्यात हलवावे. त्यासाठी परवानगी हवी म्हणून ३.०५ ला तिसरा फोन केला. या वेळी साहेब स्वतः बोलले. "हलवू नका, मी निघालोच आहे." मी हे शब्द जसेच्या तसे लिहिले. त्यांच्या शब्दावर आम्ही पेशंटला हलवले नाही. ३.५० ला कांताबाई वारली. साहेब ४.२० ला आले. त्यांच्या शर्टाला इस्त्री होती. तिन्ही निरोप मी पान ११८ वर लिहून, रेघा मारून ५ वाजता वही टेबलात ठेवली.

दिनांक १६ रोजी गोविंदा मला भेटला. कांताबाई आजारीच आणली होती, फोन एकच आला आणि साहेब लगेच निघाले, असे त्याला मॅनेजरांनी सांगितले होते. त्याने विचारले, "बाई, तुमी किती फोन केले?" मी म्हटले, "तीन."  तो म्हणाला, "हे तुमी लिहून देसान का?" मी हो म्हटले.

दिनांक १७ रोजी श्री. बेहेरे यांनी मला केबिनमध्ये बोलावून वही पुढे ठेवली. पान ११८ नवीन होते, डिंकाने चिकटवलेले. अक्षर माझ्यासारखे काढण्याचा प्रयत्न होता. त्यावर एकच फोन, वेळ ३.४५, व "डॉ. पाठराबे तात्काळ निघाले" असे वाक्य होते. माझ्या पद्धतीप्रमाणे दिसावे म्हणून त्यांनी रेघाही मारल्या होत्या. सर्वांत मोठे ते लाल, अशी त्यांची समजूत असावी, कारण लाल रेघ डॉक्टरांच्या नावाखाली होती, तीही दुहेरी. वेळेखाली हिरवी होती. कांताबाईच्या नावाखाली कोणतीच रेघ नव्हती.

श्री. बेहेरे म्हणाले, "बाई, खाली सही करा म्हणजे विषय संपला." मी म्हटले, "साहेब, नक्कल करायच्या आधी कव्हर तरी उघडायचं होतं." ते म्हणाले, "तुमच्यासारख्यांना नोकरी दिली हीच चूक झाली." मी म्हटले, "नोंद करू का? हिरव्या रेघेनं." त्यानंतर मला उद्यापासून येऊ नका असे तोंडी सांगण्यात आले. जुने पान कोठे आहे मला माहीत नाही. सदर वही काल पोलिसांनी पंचांसमक्ष जप्त केली. इतर कोणतेही पान पाहिल्यास माझी पद्धत दिसेल, मी सांगण्याची गरज नाही.

बाळ गोविंदाची आई जिजाबाई हिच्याकडे आहे व दूध पिते.

माझा जबाब हवालदारांनी मला मराठीत वाचून दाखवला. त्यात कांताबाई "दुर्दैवाने" वारली असे लिहिलेले निघाले. तो शब्द मी बोलले नव्हते. तो माझ्यासमोर खोडला असून खोडलेल्या जागेशेजारी मी सही केली आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.

(सही) प्रमोदिनी रुपराव ढोके