पूजेतली हत्यारं

कौशल्याबाई : हात मांगं घ्या. कुंकू ओलं आहे अजून.

अर्जुनराव : मी नुसता लोखंड धराचा शिकंजा सरळ करून राह्यलो. वाकडा दिसते तो.

कौशल्याबाई : दिसू द्या. खंडेनवमीले एकदा हत्यारं पूजेले मांडली की दसऱ्याच्या सकाळपावतर त्यायले हात लावत नसतात, हे मी सांगाव का तुमाले? एक दिवस हात गप राहत नाही तुमचा.

अर्जुनराव : जीपचं डावं चाक काढलेलं आहे म्हून म्हटलं. कालच बसवलं असतं तर पूजेले बिचारी आपल्या पायावर उभी राह्यली असती. आता ठोकळ्यावर लंगडी दिसते.

कौशल्याबाई : उद्या बसवा. तिले कुठं जत्रेले जाचं आहे?

अर्जुनराव : तू जाऊ दिली का कुठं? खामगावच्या लिलावातून आणली तवा मिलिटरीनं टाकून देल्लेला सांगाडा होता, कोंबड्या बसत होत्या त्याच्यात. आता इंजन असं चालते की वर पाण्याचा गिलास ठेवला तर सांडत नाही. अन् मी चालवतो कुठं? गोठ्यापासून विहिरीपावतर, विहिरीपासून गोठ्यापावतर. सारं जानेफळ हासते. म्हणतात, अर्जुनरावानं गोठ्यातले बैल हुसकले अन् लोखंडाची म्हैस बांधली.

कौशल्याबाई : हासू द्या. म्या आंधीच सांगितलं होतं, ही गाडी पहिल्यांदा सडकेवर जाईन ते तुमच्या भगवंतदादाच्या दारावरून जाईन. अन् त्यायची मोटर बंद पडन त्या दिवशी जाईन.

अर्जुनराव : झालं. सणासुदीचं काढलंच दादाचं नाव.

कौशल्याबाई : काऊन नाही काढाव? सख्खे चुलतभाऊ ना तुमचे? गावात मोटर एकच, ते त्यायची. पंचायत समितीत निवडून आल्यापासून तर पाय जमिनीले लागत नाहीत. महाराष्ट्र झाला त्या साली, आजच्याच दिवशी, आपण त्यायच्या दारी गेलो होतो. मी बैलगाडीत कण्हत पडली होती. तानुबाई सुईण सांगून राह्यली होती, लेकरू आडवं आहे, मेहकरच्या दवाखान्यात न्या. अन् तुमी पागोटं काढून ओट्यापुढं उभे होते. काय म्हणले ते तुमाले?

अर्जुनराव : कशाले आठवतं ते.

कौशल्याबाई : तुमी म्हणा. तुमच्या तोंडून ऐकू द्या.

अर्जुनराव : म्हणले, पूजेतली मोटर हालत नाही. उद्या या.

कौशल्याबाई : उद्या या. जसं माया पोटात दळण होतं, आज नाही तर उद्या दळता येते. निंगालो मंग बैलगाडीनं, अन् अर्ध्या वाटेत गेलं लेकरू. नाकीडोळी तुमच्यावर होतं ते.

अर्जुनराव : मायं बी होतं ते, कौशल्ये.

कौशल्याबाई : होतं ना. तुमी रडले, अन् मंग मोटारीची पुस्तकं आणून वाचाले लागले. लोखंडात जीव गुतला तुमचा, बरं झालं. म्या कधी नाही म्हटलं का? पुतळ्यायची माळ मोडली, त्याच्यात हा शिकंजा आला, जॅक आला, हवेचा पंप आला. धान्याचं पेव मोठं करू देल्लं, तुमाले खाली उतरून गाडीचं पोट पाहता याव म्हून. इंजन उचलाले मोटेचं चाक आढ्याले टांगू देल्लं. माहेरचे म्हणत, नवरा येडा झाला अन् हे त्याच्याहून येडी. मी येडी नव्हती. मोटर म्हटली की ते एक दिवस बिघडणारच, अन् बिघडली की मेहकरपावतर पाने-पकडी आहेत कोणाच्या घरी? एकाच घरी. मंग येतीन ते या दारात, हात जोडून. अन् मी इतकंच म्हणन, उद्या या.

अर्जुनराव : म्हंजे हे सारं त्याच्यासाठी होतं? मले वाटे तुले बी गोडी लागली. तू तर पाना नुसता पाहून सांगतं कोणत्या नटाचा ते.

कौशल्याबाई : ज्या इळ्यानं कापाचं, त्याची धार पाहून ठेवाव लागते.

(भगवंतरावांचा ड्रायव्हर कडूबा धापा टाकत गोठ्याच्या दारात येऊन उभा राहतो.)

कडूबा : राम राम धाकले मालक. राम राम बाई. जरा अर्जंट काम होतं.

अर्जुनराव : काय झालं बे? चिखलानं भरला सारा.

कडूबा : मोटर नालीत गेली ना आमची. आता कसं सांगू, मायीच अक्कल गहाण पडली. सकाळी मोठे मालक म्हणले, पूजेसाठी मोटर एकदम चकाचक पाह्यजे. म्या बॉनेट उघडून इंजनावरच बादल्या वतल्या. खूब धुतलं. मंग दुपारी सुरू कराले गेलो तर ढिम्म. मारून मारून बॅटरी बसली. मंग मानसं लावून उतारावर ढकलली, तर बिरेक लागला नाही अन् सीधी नालीत. फुडचा अ‍ॅक्सल वाकडा झाला जी.

अर्जुनराव : अरे, इंजनावर पाणी वततात का? वायरीयले पाणी लागलं असन. फडक्यानं पुसून उन्हात वाळू द्याचं होतं, ढकलाचं कशाले?

कौशल्याबाई : थांबा तुमी. कडूबा, आज खंडेनवमी आहे. पूजेतली मोटर सुरू काऊन करून राह्यला होता तू?

कडूबा : ते... सूनबाईले मेहकरले न्याचं होतं. कोकिळाबाईले. सकाळपासून कळा सुरू हायेत. तानुबाई म्हणते, लेकरू आडवं हाये.

कौशल्याबाई : तानुबाईच म्हणते?

कडूबा : हाव.

कौशल्याबाई : अन् पूजेचं काय झालं? मोटरले हार नव्हता का घातला? चाकाखाली लिंबू नव्हते?

कडूबा : होते ना. मोठ्या मालकायनं सोताच्या हातानं काढले. म्हणले, देव समजून घेते.

कौशल्याबाई : ऐकलं? आपला तो बाब्या, लोकाचं ते कार्टं. माया वख्ती देवाले समजत नव्हतं, आता बरं समजाले लागलं.

अर्जुनराव : कौशल्ये, चाकाचा पाना दे. चाक बसवतो, हँडल मारतो अन् निंगतो. ऊन उतराच्या आंधी मेहकरले पोचवतो तिले.

कौशल्याबाई : (हत्यारांसमोर आडवी बसते) पूजेतली हत्यारं हालत नाहीत.

अर्जुनराव : अवं, कोकिळा आहे ते. येता-जाता काकू, काकू करते तुले.

कौशल्याबाई : मले बी त्या घरात वयनी म्हणणारे होते. एकानं तरी तोंड उघडलं का त्या दिवशी?

कडूबा : बाई, असं नका ना करू. मालकाचं दिल मोठं हाये, मले मालूम हाये. पोळ्याच्या टायमाले आमची मोटर बंद पडली तवा मालकानंच तर विहिरीवर येऊन...

अर्जुनराव : कडूबा, गप बस.

कौशल्याबाई : बोल रे. काय केलं विहिरीवर येऊन?

कडूबा : पलग साफ करून देल्ले. अन् त्याच्या आंधी उन्हाळ्यात कार्बोरेटर खोलून देल्ला. मोठ्या मालकायले खबर नाही. त्यायले म्या सांगतलं, मेहकरच्या मिस्त्रीनं केलं.

कौशल्याबाई : म्हंजे त्यायची मोटर बंद पडत होती अन् मले पत्ताच नाही. मी इथं दाराकडं डोळे लावून बसली, अन् माया नवरा विहिरीवर जाऊन त्यायचं इंजन पुसत होता. माया पुतळ्या मोडून आणलेल्या पान्यानं.

अर्जुनराव : मोटर बंद पडलेली मले पाहवत नाही. कोणाचीही असो. तिचा काय गुन्हा?

कौशल्याबाई : अन् माया लेकराचा काय होता?

अर्जुनराव : काहीच नव्हता. कोकिळेच्या लेकराचा तरी काय आहे?

कौशल्याबाई : मले शिकवू नका. कडूबा, तुले कोनं धाडलं? त्यायनं धाडलं असन तर जा, अन् सांग, सोता या. या दारात उभे राहा अन् माया नवऱ्यानं जोडले होते तसे हात जोडा. मंग पाहू.

कडूबा : खोटं कशाले बोलू, बाई. त्यायनं नाही धाडलं. तानुबाईनं धाडलं, मांगच्या दारानं.

कौशल्याबाई : मंग ते काय करून राह्यले?

कडूबा : ओट्यावर बसले हायेत. म्या पाय धरले त्यायचे. म्हटलं, धाकल्या मालकाकडं जीप हाये, तुमी सोता चला, ते नाही म्हणणार नाहीत. तर म्हणले, अर्जुनच्या दारात मी पाय ठेवत नसतो. बैल जुपा. पोचली तर पोचली, नाही तर तिचं दैव.

कौशल्याबाई : असं म्हणले? तिचं दैव?

कडूबा : हाव. सूनबाईनं बी ऐकलं असन. तिची खोली ओट्याले लागूनच हाये.

कौशल्याबाई : ते काही बोलली?

कडूबा : काय बोलन बिचारी. पदराचा बोळा तोंडात धरला हाये तिनं. सासऱ्याले आवाज जाऊ नये म्हून.

अर्जुनराव : कौशल्ये, आजपावतर तू मोडता घातलेली एक गोष्ट मी तुयासमोर केली नाही. मांगून केली, ते आता तुले समजलंच. पन आज तू उठली नाही तर मी तुले वलांडून पाना घेईन.

कौशल्याबाई : थांबा. जरा इचार करू द्या मले. इतकी वर्षं मी एकच चित्र पाह्यलं. ते येतीन, हात जोडतीन, मी नाही म्हणन, अन् त्यायचं काळीज माया काळजासारखं फाटन. अन् ते तर आलेच नाहीत. ओट्यावर बसले. सुंभ जळते पन पीळ जात नाही म्हणतात, तसं. मी नाही म्हटलं तर त्यायले काय होते? दुसरी सून करतीन शिमग्याच्या आंधी. मरन ते कोकिळा. म्हंजे इतकं सारं जमवलं म्या, अन् त्याची धार लागणार कोणाले, तर त्या पोरीले.

अर्जुनराव : तेच तर मी सांगून राह्यलो.

कौशल्याबाई : तुमी ते नाही सांगून राह्यले. तुमी म्हणता माफ कर. मी माफ करत नाही. आज नाही अन् मेल्यावर नाही. पन घाव घालाचा तर तो त्यायलेच लागला पाह्यजे. घ्या हा पाना. कुंकू पुसत बसू नका, हात लाल होतीन तर होऊ द्या. कडूबा, तो जॅक उचल अन् मांगच्या चाकाले दगड लाव, नाही तर ही बी नालीत घालशीन.

कडूबा : हाव बाई. देवीची पूजा मोडली पन.

कौशल्याबाई : देवीले दोन हातानं बाळंतपणं करा लागली असती तर तिनं बी मोडली असती. ओढ खालून ठोकळा. असा.

अर्जुनराव : बसलं चाक. हँडल दे. तू माया बाजूले बसतं का?

कौशल्याबाई : बसते. अन् नीट ऐका. गाडी मांगच्या पांदनीनं न्याची नाही. सरळ पेठेतून, चावडीवरून न्या अन् त्यायच्या ओट्यापुढं उभी करा. इंजन बंद करू नका, चालू राहू द्या, सारा गाव गोळा होऊ द्या. तुमी उतरू नका, उतरले की पाया पडतान त्यायच्या.

अर्जुनराव : नाही पडत.

कौशल्याबाई : पडता. मी वळखते तुमाले. मी उतरन. त्यायच्या डोळ्यापुढून, पायरीवरून, मी कोकिळेचा हात धरून आणन. मोठमोठ्यानं वरडली तरी मी तिले गप बस म्हणणार नाही. अन् सारं जानेफळ पाहीन, भगवंतरावाची सून कोणाच्या गाडीत बसून गेली ते. उद्या सोनं वाटाले कोणत्या तोंडानं निंगतात ते मी बी पाह्यते.

कडूबा : पन मोठे मालक बी येतीन ना बाई संगं? नातवाचा मामला हाये. दवाखान्यात त्यायची वळख हाये.

कौशल्याबाई : येऊ दे ना. सडक काय माया बापाची आहे? पायी येऊ दे.

कडूबा : पायी? मेहकरपावतर? अवं बाई, तुमी अन् मालक फुडं, सूनबाई अन् तानुबाई मांगं. तरी एक जागा उरते.

कौशल्याबाई : ते उरत नाही, कडूबा. येताना आपल्यात एक जीव जास्तीचा राहीन. ते जागा त्याची आहे.