पूर्ण नऊ

(मुरांगाच्या उतारावरची इरुंगुची ॲव्होकाडोची बाग. सकाळ. म्हातारा इरुंगु झाडावर बसला आहे. त्याची नात वामुयू खाली उभी आहे.)

वामुयू: आजोबा, उतरा आता. विद्यापीठातल्या डॉक्टर नेकेसा निघाल्यात तिकडून. त्यांनी तुम्हाला असं पाहिलं तर काय म्हणतील?

इरुंगु: म्हणतील, म्हाताऱ्याला अजून झाडावर चढता येतं.

वामुयू: चढता येतं हो. उतरता येत नाही. गेल्या नाताळात चर्चमधल्या पोरांना खाली चादर धरून उभं राहावं लागलं होतं.

इरुंगु: मी वर आहे तोवर तू या झाडाची फळं मोजायची नाहीस.

वामुयू: आणि बाकीची झाडं? त्यांच्यावरही चढून बसणार?

इरुंगु: एकेक करून.

वामुयू: अहो, ऐका ना जरा.

इरुंगु: आली लाडात. काम असलं की 'अहो', काम झालं की 'आजोबा'.

वामुयू: मला आजीचं नाव ठेवलंत आणि तेव्हापासून गावभर 'ही माझी बायको' म्हणत फिरता. मग बायकोचं ऐकायला नको?

इरुंगु: खरी होती तिचंही ऐकत नव्हतो.

वामुयू: तिने हाक मारली की तोंडातली अळकुडी ताटात टाकून पळायचात. सगळ्यांनी पाहिलंय.

इरुंगु: ते वेगळं. ती कधी काही मोजायला सांगत नव्हती. कोंबड्या नाही, पोरं नाही, शेळ्या नाही. झाडावरचं फळ तर नाहीच. जित्या जिवाला आकडा लावला की तो राहत नाही. हे तुला शाळेत नाही शिकवलं?

वामुयू: शाळेत आकडेच शिकवले.

इरुंगु: तिथेच घोटाळा झाला.

वामुयू: महिन्यापूर्वी मी विचारलं तेव्हा हो म्हणालात. म्हणालात, घे बाग, तुझीच आहे.

इरुंगु: तू म्हणालीस फळबागेचा अभ्यास करायचाय, त्याची स्कॉलरशिप आहे. मला वाटलं, झाडाखाली बसून पुस्तक वाचायचं असेल. म्हटलं, वाच बापडी, सावली आहे. काल रात्री जेवताना सांगतेस की एकेका झाडाची फळं मोजणार, पानं मोजणार, ते किती पाणी प्यालं हे मोजणार. घास अडकला माझा.

वामुयू: मोजल्याशिवाय कसं कळणार कुठल्या झाडाला पाणी हवं, कुठल्याला खत? सगळ्यांना सारखंच घातलं तर निम्मं वाया जातं. अभ्यास तोच आहे. प्रत्येक झाडाला त्याच्यापुरतं द्यायचं.

इरुंगु: मला झाडाचं तोंड बघून कळतं.

वामुयू: मागच्या वर्षी तोंड बघून तुम्ही कुंपणाकडच्या झाडाला सगळा उकिरडा घातलात.

इरुंगु: ते रुसलं होतं.

वामुयू: ते मेलं होतं, आजोबा. वाळवी लागून आधीच्याच वर्षी मेलं होतं.

इरुंगु: त्याने तसं दाखवलं नाही.

वामुयू: हे बघा, डॉक्टर आज फक्त एवढ्यासाठी येतायत. मालकाच्या तोंडून एकदा हो ऐकायचं आणि सही करून जायचं. तुम्ही नाही म्हणालात की स्कॉलरशिप माझ्या वर्गातल्या किप्रोनोला. त्याच्याकडे कंपनीची बाग आहे. तिथली झाडं परेडला उभी केल्यासारखी आहेत, आणि तिथे कोणी आजोबा झाडावर बसत नाहीत.

इरुंगु: आणि तू काय करशील?

वामुयू: थिक्याला मावशीच्या दुकानात मोबाईलची कव्हरं विकीन. शिकलेली पोरगी म्हणून गल्ल्यावर बसवेल.

इरुंगु: गल्ल्यावर मोजावंच लागतं.

वामुयू: म्हणून तर म्हणतेय, मोजायचंच आहे तर इथे मोजू द्या. बरं, चुलीवर तो चहा केवढा ठेवलाय? पातेलं भरून वाहतंय. आपण दोन...

इरुंगु: तोंड सांभाळ.

वामुयू: आपण जेवढे आहोत तेवढ्यांना तो जास्त होतो. रोजच होतो.

इरुंगु: उरला तर शेळी पिते. तू काय करतेयस? तो मोबाईल खाली कर.

वामुयू: फोटो काढतेय. मोजत नाहीये, यंत्र नीट चालतंय का ते बघतेय. डॉक्टर आल्यावर बंद पडायला नको. यात झाडाचा फोटो घेतला की ते एकेका फळाभोवती गोल काढतं आणि... अरे देवा.

इरुंगु: काय झालं?

वामुयू: काही नाही.

इरुंगु: तुझी आजी 'काही नाही' म्हणाली की मी घर सोडून पळायचो. सांग.

वामुयू: त्याने तुमच्या डोक्याभोवती गोल काढलाय.

इरुंगु: म्हणजे?

वामुयू: पानांतून टक्कल तेवढं दिसतंय. त्याला वाटलं, फळ आहे. खाली लिहिलंय, मोठं आहे, तोडणीला तयार आहे.

इरुंगु: म्हणजे मला मोजलं?

वामुयू: चुकून.

इरुंगु: आकड्यात घेतलं?

वामुयू: बाकीच्या फळांबरोबर. हो.

इरुंगु: संपलं. मी गेलो. हा हंगाम काही मी बघत नाही. शेळ्या तुझ्या बापाला दे. नको, तो विकून मोटरसायकल घेईल. शेळ्या तू घे. माझी चांगली टोपी माझ्याबरोबर पुरा, नाहीतर गाथोनी घालून चर्चला जाईल. ती शेजारीण माझ्या टोपीवर किती दिवस डोळा ठेवून आहे.

वामुयू: तिला नवऱ्यासाठी हवीय ती.

इरुंगु: त्याचं डोकं लहान आहे. मुळीच देऊ नका.

नेकेसा: नमस्कार. कोणी आहे का घरी?

वामुयू: आल्या. या, डॉक्टर, इकडे बागेत. आजोबा, पाया पडते, नीट बोला.

नेकेसा: वामुयू, रस्ता फार छान सांगितलास, कुठे चुकले नाही. आणि काय सुंदर शेळ्या आहेत दारात. सातही अगदी धष्टपुष्ट.

इरुंगु: सात म्हणाली. मोजल्या त्या मोजल्या, वर सात म्हणाली. सातासारखा वाईट आकडा नाही.

नेकेसा: हे कोण बोललं?

वामुयू: बागेचे मालक, डॉक्टर. माझे आजोबा, इरुंगु. वर बघा. नाही, जरा डावीकडे.

नेकेसा: अच्छा. नमस्कार, बाबा. तुम्ही छाटणी करताय का?

इरुंगु: राखण करतोय.

नेकेसा: पाखरांपासून?

इरुंगु: तुमच्यापासून.

वामुयू: डॉक्टर, त्यांना मोजायचं आवडत नाही. म्हणजे आमच्याकडे जुन्या माणसांत जिवंत वस्तू मोजत नाहीत.

नेकेसा: मला कल्पना असायला हवी होती. माफ करा, बाबा, सवय आहे. मी जिनाही मोजत चढते. पण मला स्पष्ट विचारावंच लागेल. अभ्यासासाठी कमीत कमी दहा झाडं...

इरुंगु: दहा नाही म्हणायचं. पूर्ण नऊ म्हणायचं.

नेकेसा: नऊ पुरणार नाहीत, बाबा.

वामुयू: पूर्ण नऊ म्हणजे दहाच, डॉक्टर. आमचा जो मूळपुरुष, त्याच्या मुलींवरून आमची कुळं पडली. त्या मुली सगळे नऊच सांगतात. होत्या दहा. शेवटचीला मोजायचं नाही, ती आहे हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून पूर्ण नऊ.

नेकेसा: आणि त्या शेवटच्या मुलीचं नाव?

इरुंगु: वामुयू. हिचं तेच. माझ्या बायकोचं तेच. ही झाडं तिने लावली, मॅडम. मी कॉफी लाव म्हणत होतो. ती म्हणाली, कॉफी पोरं खात नाहीत. एकदा खानेसुमारीचा माणूस आला होता, घरात किती माणसं ते लिहायला. तिने सगळी पोरं केळीत लपवली, मला कणगीत कोंबलं, आणि त्याला पिशवीभर रताळी देऊन सांगितलं, इथे कोणी राहत नाही.

नेकेसा: आणि त्याने मानलं?

इरुंगु: त्याने विचारलं, मग तू कोण? ती म्हणाली, मी रताळी द्यायला आलेय. पुढची किती वर्षं सरकारच्या लेखी हे घर रिकामं होतं. आम्ही आत मजेत होतो.

नेकेसा: मला त्यांना भेटायला आवडलं असतं.

इरुंगु: दोन पावसांमागे गेली. साखरेचा आजार होता. मोठ्या दवाखान्यात ठेवली होती. चांगली माणसं होती तिथली, त्यांचं काही चुकलं नाही. पण दर थोड्या वेळाने कोणीतरी यायचं आणि तिला मोजायचं. नाडी मोजली, श्वास मोजला, साखर मोजली. पायाशी पाटी अडकवली होती, त्यावर सगळे आकडे. जन्मात जिला कोणी मोजली नाही तिला इतकं मोजलं, आणि मी नुसता उभा होतो तिथे टोपी हातात धरून.

वामुयू: हे मला तुम्ही कधी सांगितलं नाही.

इरुंगु: तू परीक्षेला बसली होतीस.

नेकेसा: बाबा, एक विचारू? मोजलेलं वाईट, की मोजून तोंडाने बोललेलं वाईट?

इरुंगु: असं कोणी विचारलं नव्हतं. थांबा. आई मला मारायची ती बोललं म्हणून. मनात मी शेळ्या मोजायचोच, नाहीतर एखादी हरवली ते कळणार कसं? बोललेलं वाईट.

वामुयू: म्हणजे तुम्ही मोजता?

इरुंगु: मी काय म्हणतोय ते मॅडमना कळतंय, तू मध्ये पडू नकोस.

नेकेसा: हे यंत्र बोलत नाही. आकडा सरळ माझ्या कचेरीत येईल. या बागेत तो कोणी उच्चारणार नाही, वामुयूसुद्धा. तुम्हाला ती एवढंच सांगेल की या झाडाला पाणी वाढवा, त्याचं कमी करा.

इरुंगु: आणि फळ किती धरलं ते?

नेकेसा: ती सांगेल, चांगलं धरलंय.

इरुंगु: दलाल दरवर्षी उलटं सांगतो. म्हणतो, कमी धरलंय, बारीक आहे.

नेकेसा: त्याच्याशी बोलायला तुम्ही मला बोलवा.

इरुंगु: ही बाई बरी आहे, वामुयू. पण माझं काय? मी त्या यंत्रात बसलोय ना अजून. फळांत.

नेकेसा: हे काय प्रकरण आहे?

वामुयू: फोटोत आजोबांचं डोकं आलं, डॉक्टर. यंत्राने ते फळ धरलं.

नेकेसा: बघू. खरंच की. अगदी खात्रीने धरलंय. वामुयू, हे फार महत्त्वाचं आहे. आमच्या यंत्राचा हा दोष कोणाच्याच लक्षात आला नव्हता. किप्रोनोच्या बागेत कधीच आला नसता.

इरुंगु: त्याच्याकडे टक्कल नाही.

नेकेसा: तुझ्या अभ्यासाची पहिली नोंद ही. पानांआड माणसाचं डोकं आलं तर यंत्र फसतं.

इरुंगु: नोंद मागाहून करा. आधी मला काढा तिथून.

वामुयू: काढते. यावर बोट ठेवलं की विचारतंय, का काढायचं? लिहू का, फळ नाही म्हणून?

इरुंगु: लिही, नवरा आहे.

वामुयू: तसा पर्याय नाही त्यात. फळ नाही, एवढंच लिहिते. हं, पुसलं. गोल गेला. आता तुम्ही कशातच नाही.

इरुंगु: नक्की?

वामुयू: स्वतः बघा. खाली या आणि बघा.

इरुंगु: शिडी आण.

नेकेसा: मी धरते शिडी. सावकाश, बाबा. एक...

इरुंगु: मॅडम.

नेकेसा: माफ करा. या. पाय टाका. पुन्हा टाका. आता अजून टाका. झालं, पोचलात.

इरुंगु: आता माझं ऐका. झाडं तुम्ही निवडा, पूर्ण नऊ. त्यांना काय पट्ट्या बांधायच्या त्या बांधा. पण ते विहिरीजवळचं झाड तिने सगळ्यात आधी लावलं. ते त्यात धरा, पण त्याला पट्टी नको, नंबर नको. ते आहे हे आपल्याला माहीत आहे, तेवढं बस.

नेकेसा: तुलनेला एक झाड आम्ही तसंच सोडतो. ते विहिरीजवळचं असेल. मग मी तुमचा होकार समजू?

इरुंगु: हिला विचारा. घरात बायकोचंच चालतं.

वामुयू: अहो, चालतं म्हणा ना एकदा तोंडाने.

इरुंगु: चालतं.

नेकेसा: ठीक. बागेचा शब्द हवा होता, तो मिळाला. वामुयू, सोमवारी कचेरीत ये, स्कॉलरशिपचे कागद तयार असतील.

वामुयू: मी चहा आणते. मी... चहा आणते.

इरुंगु: रडते कशाला? हो, आण. पातेलं भरलेलं आहे. कप मी सकाळीच साखर घालून मांडून ठेवलेत, त्यांत ओतून घेऊन ये तसेच. बसा, मॅडम, त्या ओंडक्यावर. कोंबडी उठवा खुशाल.

नेकेसा: बाबा, त्या शेळ्यांचं मी म्हणाले, त्याला काही उपाय असतो का?

इरुंगु: काही नाही. आज संध्याकाळी एक व्याली की आकडा खोटा पडेल. ती पांढरी व्यायला आलीच आहे. पण तिच्याकडे फार बघू नका, नाहीतर पोटातली करडंही मोजाल.

वामुयू: घ्या, डॉक्टर. रताळीही आहेत उकडलेली.

नेकेसा: वा, वाफ येतेय अजून. अगं, एक कप जास्त आणलास तू. आणखी कोणी यायचंय का?

वामुयू: आजोबांनी ठेवले होते तेवढे आणले.

नेकेसा: मग हा मी घेते, कडेचा.

इरुंगु: तो नको, मॅडम. तो बिनसाखरेचा आहे. हा घ्या.